शिक्षकाचा पगार नेमका किती? महाराष्ट्रातलं गणित पगाराच्या स्लिपवरून समजून घेऊ

"सरकारी शिक्षकाला पगार किती असतो?" हा प्रश्न कुठल्याही लग्नात, एसटीत, नाहीतर फॅमिली ग्रुपवर टाकून बघा. एक जण सांगणार सत्तर-ऐंशी हजार, दुसरा म्हणणार आमच्या भाच्याला तर सोळा हजारच मिळतात, आणि तिसरा सांगणार की आमच्या शेजारच्या सरांना इतकी वर्षं शिकवूनसुद्धा पूर्ण पगार कधी बघायलाच मिळाला नाही. तिघंही खरं बोलत असतात, कारण महाराष्ट्रात "शिक्षकाचा पगार" असा एकच आकडा नाहीचे. शाळा कुणाची आहे, शिकवायचं कितवीला, माणूस नोकरीला लागला कधी आणि शाळा आहे कुठल्या गावात, या चार गोष्टींवर आकडा हलतो, आणि या चार गोष्टी न विचारता कुणी शिक्षकांच्या पगाराबद्दल मत ठोकून देत असेल तर त्या मतात काही अर्थ नसतो.

माझी बहीण झेडपीच्या शाळेत आहे आणि भावोजी अंशतः अनुदानित शाळेत, म्हणजे जिथे पगाराचा काही हिस्साच सरकार देतं, त्यामुळे एकाच घरात दोन वेगळ्या जगातल्या पगाराच्या स्लिपा बघायला मिळतात आणि हा विषय मला जवळून माहितीये. म्हणून म्हटलं एकदा सगळं सोप्या भाषेत लिहून काढावं, म्हणजे नवीन लागलेल्यांना पण उपयोग होईल आणि बाहेरून बघणाऱ्यांना पण.

आधी बेसिक, म्हणजे मूळ वेतन. बाकी जवळजवळ सगळे आकडे याच्यावरच निघतात, म्हणून हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे. महाराष्ट्रात सध्या सातवा वेतन आयोग लागू आहे. कागदावर तो १ जानेवारी २०१६ पासून लागू झाला पण प्रत्यक्ष पगारात आला १ जानेवारी २०१९ पासून, आणि मधल्या तीन वर्षांच्या फरकाचे पाच हप्ते पाडले, जे पुढे कोरोनात लांबले आणि कितीतरी शिक्षकांना ते वेळेवर मिळाले नाहीत. आधी सहाव्या आयोगात पे बँड आणि ग्रेड पे असे दोन तुकडे असायचे. आता ते गेलं आणि पे मॅट्रिक्स आलं, म्हणजे एक मोठा तक्ता. त्यात एस-१, एस-२ असे उभे रकाने आणि प्रत्येक रकान्यात खाली खाली वाढत जाणारे आकडे, त्यातल्या एकेका घराला सगळे सेल म्हणतात.

प्राथमिक शिक्षक, म्हणजे डीएड करून पहिली ते पाचवीला शिकवणारे, एस-१० मध्ये येतात. त्यांचा बेसिक २९,२०० पासून सुरू होतो आणि त्या रकान्याचं टोक आहे ९२,३००. हायस्कूलला शिकवणारे बीएड झालेले सहायक शिक्षक एस-१४ मध्ये, ३८,६०० ते १,२२,८००. ज्युनियर कॉलेजचे शिक्षक एस-१६ मध्ये, ४४,९०० ते १,४२,४००. आता इथे लोकांचा एक मोठा गोंधळ होतो, जाहिरातीत "२९,२००-९२,३००" असं छापलेलं बघून लोक म्हणतात बघा शिक्षकाला ब्याण्णव हजार मिळतात. तसं नाहीये. दुसरा आकडा म्हणजे त्या श्रेणीत बेसिक जास्तीत जास्त कुठपर्यंत जाऊ शकतो ती मर्यादा, आणि एकेक इन्क्रिमेंट घेत तिथपर्यंत पोचायला पूर्ण नोकरी पण पुरत नाही, हिशोब करून बघा, दरवर्षी साधारण तीन टक्के धरले तर २९,२०० चे ९२,३०० व्हायला चाळीस वर्षांच्या आसपास लागतात आणि शिक्षक ५८ व्या वर्षी रिटायर होतात.

तीन टक्के म्हणजे कसे, तर बेसिकवर तीन टक्के काढायचे आणि जवळच्या शंभरात बसवायचे. २९,२०० चे ३०,१००, मग ३१,०००, मग ३१,९००, मग ३२,९००. बहुतेक शिक्षकांची ही वाढ १ जुलैला पडते, म्हणून जुलैची पगारबिलं करताना मुख्याध्यापकांची आणि क्लार्कची सगळ्यात जास्त धावपळ असते.

पण नवीन लागलेल्या मुलामुलींना हा बेसिक पहिल्या दिवसापासून मिळतच नाही! टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा पास व्हायचं, टेट म्हणजे अभियोग्यता चाचणी द्यायची, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर प्राधान्यक्रम भरायचे, वर्षानुवर्षं भरतीची वाट बघायची, आणि एवढं करून नेमणूक मिळते ती "शिक्षण सेवक" म्हणून, तीन वर्षांसाठी, ठरावीक मानधनावर. ही योजना २००० सालापासून चालू आहे. मानधन बरीच वर्षं प्राथमिकला ६,०००, माध्यमिकला ८,००० आणि उच्च माध्यमिकला ९,००० इतकंच होतं, ते १ जानेवारी २०२३ पासून अनुक्रमे १६,०००, १८,००० आणि २०,००० झालं. सेवकाला महागाई भत्ता नाही, घरभाडं नाही, इन्क्रिमेंट नाही. काम मात्र बाजूच्या वर्गातल्या कायम शिक्षकाइतकंच, तेवढेच तास, तीच पटनोंदणी, तोच पोषण आहाराचा हिशोब, तीच निवडणुकीची ड्युटी. विदर्भातला मुलगा कोकणात सेवक म्हणून लागतो, खोलीचं भाडं देतो, जेवणाचा खर्च, सुट्टीला गावी जायचा खर्च, आणि सोळा हजारातून घरी पाठवायला काय उरणार. मला स्वतःला वाटतं की तीन वर्षांचा परीक्षाधीन काळ ठेवायला काही हरकत नाही, पण त्या काळात पगार अर्ध्यापेक्षाही कमी का, याला पैसे वाचवणे सोडून दुसरं कुठलंच पटणारं कारण मी आजवर ऐकलेलं नाही.

तीन वर्षं झाली, सेवा समाधानकारक आहे असा प्रस्ताव वर गेला आणि मान्य झाला की मग नियमित वेतनश्रेणी लागते आणि बेसिक २९,२०० वर येतो. इथून पुढे खरी पगाराची स्लिप सुरू होते, तर ती आता ओळीओळीने बघू. उदाहरणाला एक प्राथमिक शिक्षिका घेऊ, नुकतीच कायम झालेली, शाळा खेड्यात, आणि महागाई भत्ता धरू ५५ टक्के, जो राज्यात १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेला दर होता.

पहिली ओळ मूळ वेतन, २९,२००. दुसरी ओळ महागाई भत्ता, म्हणजे डीए, बेसिकच्या ५५ टक्के, १६,०६०. तिसरी घरभाडे भत्ता, खेड्यात १० टक्के, २,९२०. चौथी वाहतूक भत्ता, १,३५०. बेरीज ४९,५३०. हा झाला ग्रॉस. आता कपात. एनपीएसचे, म्हणजे राष्ट्रीय पेन्शन योजनेचे, बेसिक अधिक डीएच्या १० टक्के, म्हणजे ४५,२६० चे ४,५२६. व्यवसाय कर २०० (फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००). शिवाय गट विम्याची छोटी रक्कम. म्हणजे हातात येतात ४४ हजार आणि वर काहीतरी. शिक्षक पतसंस्थेचं कर्ज असेल, आणि बहुतेकांचं असतंच, तर त्याचा हप्ता पण इथेच कापला जातो, म्हणून दोन शिक्षकांचा बेसिक सेम असून एकाच्या खात्यात चव्वेचाळीस हजार येतात आणि दुसऱ्याच्या तीस, यात गोंधळून जायचं काही कारण नाही. काही स्लिपांवर एनपीएसचा सरकारी हिस्सा पण आधी येण्यात आणि मग जाण्यात दाखवलेला असतो, तेव्हा ग्रॉस फुगलेला दिसतो पण तो पैसा हातात येणारा नसतो, ते बघून उगाच आनंद पण करू नये आणि हिशोबात चूक आहे म्हणून ऑफिसला फेऱ्या पण मारू नयेत.

हायस्कूलच्या शिक्षकाचं हेच गणित खेड्यात केलं तर ३८,६०० अधिक २१,२३० अधिक ३,८६० अधिक १,३५०, म्हणजे ६५,०४० ग्रॉस. ज्युनियर कॉलेजला ७५,४३५. म्हणजे जे लोक "सत्तर-ऐंशी हजार" सांगतात ते पण खोटं नाही, फक्त तो आकडा एकतर ज्युनियर कॉलेजचा असतो नाहीतर दहा-पंधरा वर्षं नोकरी झालेल्या माणसाचा.

डीएबद्दल थोडं जास्त बोलायला हवं कारण बातम्यांमधून सगळ्यात जास्त गैरसमज इथेच पसरतात. महागाई निर्देशांक वाढला की वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैपासून, केंद्र सरकार डीए वाढवतं. राज्य तोच दर नंतर स्वतःच्या जीआरने, म्हणजे शासन निर्णयाने, लागू करतं आणि मधे बरेच महिने जातात. जुलै २०२४ पासूनचा ५३ टक्क्यांचा दर राज्याने फेब्रुवारी २०२५ मध्ये काढला, जानेवारी २०२५ पासूनचा ५५ टक्के ऑगस्ट २०२५ मध्ये. मधल्या महिन्यांचा फरक थकबाकी म्हणून एकदम येतो, आणि त्या महिन्याचा पगार बघून बाहेरच्या माणसाला वाटतं केवढा पगार वाढला. खरं तर बाजारात भाव आधीच वाढलेले असतात, शिक्षकाने ते महिने आधीच्याच दराने काढलेले असतात. आणि बातमीत "डीए दोन टक्क्यांनी वाढला" म्हणजे पूर्ण पगार दोन टक्क्यांनी वाढला असं नसतं, बेसिकच्या दोन टक्के वाढतात, २९,२०० वाल्याला ५८४ रुपये.

घरभाड्याचं गावावर अवलंबून असतं. शहरांचे तीन गट, एक्स, वाय आणि झेड. मुंबई-पुणे एक्स मध्ये, नागपूर, नाशिक, सोलापूर, कोल्हापूर, अमरावती, नांदेड, सांगली अशी शहरं वाय मध्ये, बाकी सगळा महाराष्ट्र झेड. सातवा आयोग लागू झाला तेव्हा दर २४, १६ आणि ८ टक्के होते, डीए वाढत गेला तसे ते आधी २७, १८, ९ आणि आता ३०, २०, १० झालेत. म्हणून आपली तीच प्राथमिक शिक्षिका पुणे शहरात असती तर घरभाडं ८,७६० आणि वाहतूक भत्ता २,७०० धरून ग्रॉस ५६,७२० झाला असता. सात हजारांचा फरक आहे पण पुण्यात खोली घेऊन राहायचं म्हटलं तर तो फरक भाड्यातच संपतो हे वेगळं सांगायला नको.

खेड्यातल्या घरभाड्याला आणखी एक वाद चिकटलेला आहे, मुख्यालयाचा. नियम असा की झेडपीच्या शिक्षकाने शाळेच्या गावात, म्हणजे मुख्यालयी राहिलं पाहिजे, आणि २०१९ च्या ग्रामविकास विभागाच्या जीआरनुसार तो तिथे राहतोय याचा पुरावा म्हणून ग्रामसभेचा ठराव लागतो. यावरून गावोगावी भांडणं झाली, विधानसभेत विषय गाजला, शिक्षकांनी मोर्चे काढले. दोन्ही बाजूंना काहीतरी म्हणणं आहे. गावात राहणारा शिक्षक मुलांना जास्त वेळ देतो हे खरंच आहे, पण कितीतरी वाड्या-पाड्यांवर भाड्याने द्यायला घरच नसतं, दवाखाना नसतो, शिक्षिकेच्या स्वतःच्या मुलांना पुढच्या वर्गाची शाळा नसते. आधी शाळेजवळ शिक्षकांसाठी क्वार्टर बांधा आणि मग सक्ती करा, एवढी साधी गोष्ट आहे असं मला वाटतं.

आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागातल्या शिक्षकांसाठी वेगळी तरतूद आहे. तिथे काम करतोय तोपर्यंत एक पायरी वरची वेतनश्रेणी मिळते, त्याला एकस्तर म्हणतात, शिवाय प्रोत्साहन भत्ता. हा जीआर २००२ चा आहे. गडचिरोलीतून बदली होऊन बाहेर आलं की एकस्तर निघतो आणि बेसिक खाली येतो, तेव्हा बदलीनंतर पगार कमी झाला म्हणून घाबरलेल्यांनी आधी हे तपासावं.

आता बढतीचं बघू. शिक्षकाच्या नोकरीत वर जायला जागा फार कमी, एका शाळेत एकच मुख्याध्यापक, केंद्रप्रमुखाच्या जागा मोजक्या. म्हणून १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी आणि २४ वर्षांनी निवडश्रेणी अशी सोय आहे. प्राथमिक शिक्षक १२ वर्षांनी एस-१० मधून एस-१३ मध्ये जातो, ज्याची सुरुवात ३५,४०० आणि टोक १,१२,४००. लोकांना वाटतं आता मोठी उडी बसणार, पण तसं होत नाही कारण १२ वर्षांत इन्क्रिमेंट घेत घेत त्याचा बेसिक ३५,४०० च्या पुढे आधीच गेलेला असतो, मग नव्या रकान्यात त्याच्या जवळचा वरचा सेल बघून तिथे बसवतात. हातात येणारी वाढ त्यामुळे थोडीच, खरा फायदा म्हणजे वरची मर्यादा वाढते.

यासाठी प्रशिक्षण सक्तीचं आहे आणि इथे गाडी अडते. बरीच वर्षं हे प्रशिक्षणच झालं नाही आणि हजारो शिक्षक १२ वर्षं पूर्ण होऊन नुसते बसून राहिले. मग २०२२ मध्ये ऑनलाइन घेतलं, २,००० रुपये फी घेऊन. निवडश्रेणीचं तर आणखी अवघड, ती सगळ्यांना मिळतच नाही, वरिष्ठ श्रेणीतल्या फक्त २० टक्के लोकांना मिळते आणि त्यासाठी जास्तीची शैक्षणिक पात्रता पण लागते. दुसऱ्या बाजूला बाकीच्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना आश्वासित प्रगती योजनेत १०, २० आणि ३० वर्षांनी असे तीन लाभ आहेत. शिक्षक संघटना कधीपासून मागतायत की आम्हाला पण १०-२०-३० द्या, आणि मला ही मागणी शंभर टक्के रास्त वाटते. माझ्या बहिणीचा वरिष्ठ श्रेणीचा प्रस्ताव प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र जोडून सुद्धा कितीतरी महिने एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत होता, दरवेळी नवीन त्रुटी, एकदा गोपनीय अहवालाची प्रत नाही, एकदा सेवापुस्तकात नोंद नाही, एकदा झेरॉक्सवर सही-शिक्का नाही. एकाच वेळी सगळ्या त्रुटी लिहून द्यायला काय जातं हे मला आजपण कळलेलं नाही.

आता भावोजींच्या बाजूला येतो, आणि खरं सांगायचं तर हा सगळा लेख लिहायला घेतला तो यासाठीच. महाराष्ट्रात माध्यमिक शाळा मोठ्या संख्येने खासगी संस्थांच्या आहेत. संस्था खासगी, पण शिक्षकाचा पगार सरकार देतं, त्या अनुदानित शाळा. तिथे पगार झेडपीसारखाच, त्याच श्रेणी, तेच भत्ते, आणि नोकरीच्या अटी १९७७ च्या खासगी शाळा कर्मचारी कायद्याने आणि १९८१ च्या नियमावलीने ठरलेल्या. पण पुढे सरकारने शाळांना परवानगी देताना "कायम विनाअनुदानित" अशी अट घातली, म्हणजे शाळा काढा पण अनुदान कधीच मागायचं नाही. २००९ मध्ये त्यातला "कायम" हा शब्द काढला, मग मूल्यांकन सुरू झालं, आणि २०१६ मध्ये पहिल्यांदा २० टक्के अनुदान द्यायचं ठरलं. पुढे ४०, मग ६०, असे टप्पे. म्हणूनच याला टप्पा अनुदान म्हणतात.

म्हणजे पगारावर याचा परिणाम काय? वर आपण जो ४९,५३० चा हिशोब केला, त्याच शिक्षिकेची शाळा २० टक्क्यांवर असेल तर सरकारकडून येतात साधारण ९,९००. चाळीसवर असेल तर १९,८०० च्या आसपास. साठवर २९,७००. उरलेला पगार संस्थेने द्यायचा असं कागदावर आहे, पण गावाकडच्या संस्थेकडे फीच नाही तर ती देणार कुठून. तोच अभ्यासक्रम, तीच दहावीची परीक्षा, तेच पेपर तपासणं, आणि पगार पाचवा हिस्सा. माझे भावोजी दोन टप्प्यांच्या मधल्या वर्षांत शाळा सुटल्यावर दुसरं काम करायचे आणि अशी माणसं तालुक्या-तालुक्यात आहेत, कुणी शेती करतं, कुणी सुट्टीत रंगकाम, कुणी विम्याची एजन्सी. जुलै २०२५ मध्ये हेच शिक्षक भर पावसात मुंबईला आझाद मैदानावर पुढच्या टप्प्याचे पैसे मागायला बसले होते. टप्पा वाढ मंजूर झाल्याची बातमी येते आणि पैशाची तरतूदच झालेली नसते, हे त्यांनी इतक्या वेळा बघितलंय की आता जीआर निघाला तरी खात्यात पैसे जमा होईपर्यंत कुणी पेढे वाटत नाही. ज्याला कुणाला "शिक्षकांना फुकटचा पगार" असं म्हणायचं असेल त्याने एकदा या लोकांशी बोलावं, अगदी मनापासून सांगतो.

पेन्शनचं थोडक्यात सांगतो, कारण तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. १ नोव्हेंबर २००५ ही रेघ. त्याच्या आधी लागलेल्यांना जुनी पेन्शन, म्हणजे शेवटच्या पगाराच्या अर्धी, आणि पगारातून कापले जातात ते जीपीएफचे, म्हणजे भविष्य निर्वाह निधीचे, जे त्याचे त्यालाच व्याजासकट मिळतात. नंतर लागलेल्यांना आधी डीसीपीएस, म्हणजे अंशदानाची पेन्शन योजना, आणि मग एनपीएस, शिक्षकाचे १० टक्के आणि सरकारचे आता १४ टक्के, पैसे बाजारात, आणि शेवटी किती मिळेल याची खात्री नाही. याच्यासाठीच मार्च २०२३ मध्ये राज्यभर संप झाला, "एकच मिशन, जुनी पेन्शन". त्यानंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्यांच्या भरतीची जाहिरात १ नोव्हेंबर २००५ च्या आधीची होती पण रुजू नंतर झाले त्यांना जुन्या पेन्शनचा पर्याय मिळाला, आणि पुढे ५० टक्क्यांची हमी असलेल्या सुधारित योजनेचे पर्याय पण आले. सगळ्यात किचकट प्रश्न आहे तो २००५ च्या आधी लागले, पण शाळा शंभर टक्के अनुदानावर नंतर आली अशा शिक्षकांचा. नोकरी आधीची, अनुदान नंतरचं, मग पेन्शन कुठली, यावर वर्षानुवर्षं कोर्टात केसेस चालू आहेत.

पगार येतो कसा हे पण बघा, म्हणजे उशीर कुठे होतो ते कळेल. शालार्थ ही शिक्षकांच्या पगाराची सरकारी ऑनलाइन प्रणाली, तिच्यात प्रत्येक शिक्षकाचा एक शालार्थ आयडी असतो, तो नसेल तर सरकारी पगार निघूच शकत नाही. मुख्याध्यापक शालार्थ प्रणालीवर त्या महिन्याचं बिल तयार करतात, कुणाची बिनपगारी रजा, कुणाची थकबाकी, कुणाचं नवीन कर्ज, सगळं भरून फॉरवर्ड करतात. झेडपीत ते पंचायत समितीला गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जातं आणि तिथून जिल्ह्याला, खासगी अनुदानित शाळेचं जातं वेतन पथकाकडे. मग कोषागार, मग बँक. यात एका शाळेचं बिल चुकलं किंवा वरून निधीच कमी आला तर पूर्ण तालुक्याचा पगार लांबू शकतो. घराच्या कर्जाचा हप्ता ठरलेल्या तारखेला कापला जातो आणि पगार मात्र कधी पाचला कधी पंधराला, चेक बाऊन्सचा दंड शिक्षकाच्याच खिशातून. २०२५ मध्ये नागपूरला बोगस शालार्थ आयडीचं प्रकरण बाहेर आलं, खोट्या मान्यता दाखवून पगार उचलले गेले, त्याची चौकशी व्हायलाच हवी होती आणि झाली, पण त्यानंतर तपासणीच्या नावाखाली प्रामाणिक लोकांची पण कागदपत्रं परत परत मागवली गेली.

आणखी एक गोष्ट, जी रिटायर व्हायला आलेल्या प्रत्येक शिक्षकाने वाचावी. रिटायरमेंटच्या तोंडावर सेवापुस्तकाची पडताळणी होते आणि वीस वर्षांपूर्वी एक इन्क्रिमेंट चुकून जास्त दिली असं निघतं, मग लाखाच्या घरात वसुली लावतात. यावर सुप्रीम कोर्टाचा डिसेंबर २०१४ चा रफिक मसीह केसमधला निकाल आहे, त्यात वर्ग तीन आणि चारच्या कर्मचाऱ्यांकडून, आणि रिटायर झालेल्या किंवा वर्षभरात होणार असलेल्यांकडून अशी वसुली करता येत नाही असं म्हटलंय. पण त्याला एक अडचण आहे. २०१६ च्या जगदेव सिंग केसमध्ये कोर्टाने सांगितलं की वेतननिश्चितीच्या वेळी "जास्त पैसे दिले गेले तर परत करेन" असं हमीपत्र लिहून दिलं असेल तर वसुली होऊ शकते. आणि आपल्याकडे वेतन आयोगाचं फिक्सेशन करताना हे हमीपत्र सगळ्यांकडून घेतात. म्हणून आपण काय सही केलंय त्याची प्रत स्वतःकडे पाहिजे, नुसतं "क्लार्कने सांगितलं म्हणून सही केली" असं करू नका.

आता आठव्या वेतन आयोगाची चर्चा सुरू झालीये. केंद्राने तो जानेवारी २०२५ मध्ये जाहीर केला, न्यायमूर्ती रंजना प्रकाश देसाई त्याच्या अध्यक्ष आहेत. राज्याचा निर्णय त्याच्यानंतर होणार, सातव्याला किती वेळ लागला ते वर लिहिलंच आहे, म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरणारे "शिक्षकांचा नवीन पगार एवढा" असले तक्ते सध्या बाजूला ठेवा, फिटमेंट फॅक्टर ठरल्याशिवाय तो आकडा कुणीच सांगू शकत नाही. मागच्या वेळी तो २.५७ होता, म्हणजे सहाव्या आयोगातला बेसिक १५,००० असेल तर २.५७ ने गुणून ३८,५५० आणि एस-१० मधला त्याच्या वरचा सेल ३९,२००, असं बसवलं. यावेळी पण गुणाकार त्या दिवशीच्या बेसिकवरच होणार. त्यामुळे ज्यांची वरिष्ठ श्रेणी अडकलेली आहे, एखादी इन्क्रिमेंट नोंदवायची राहिलीये, सेवक काळानंतरच्या नियमित नेमणुकीची नोंद सेवापुस्तकात नाहीये, त्यांनी ते काम आत्ताच मागे लागून पूर्ण करून घ्या, लेखी अर्ज द्या, आवक क्रमांक घ्या, आणि दुय्यम सेवापुस्तक, म्हणजे सेवापुस्तकाची आपल्याकडे ठेवायची प्रत, घरी नसेल तर पुढच्या आठवड्यात ऑफिसला जाऊन तयार करून घ्या.